मुंद्र्याच्या खारेकवाडीत

ओटी भरताना खण-नारळाबरोबर आपण जी खारीक ठेवतो, डिंकाच्या लाडवांत जी कुटून घालतो आणि बाळंतिणीला जिची खीर करून देतो, ती वाळून सुरकुतलेली आणि कठीण असते. मऊ, तपकिरी आणि बोटांना चिकटणारा तो खजूर. ही दोन वेगळ्या झाडांची फळे आहेत, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत असते. कच्छमध्ये मात्र ‘खारेक’ म्हटले की या दोहोंपैकी काहीच समोर येत नाही. समोर येते ते हळदीसारखे पिवळे किंवा गर्द लाल, तुकतुकीत सालीचे, दाताखाली करकर वाजणारे ताजे फळ. जून-जुलैत मुंबईच्या हातगाड्यांवर त्याचे घोसच्या घोस दिसतात. गुजराती शेजारी ते आवडीने घेतात आणि आपण बहुधा कुतूहलाने पाहून पुढे जातो.

वास्तविक ही तिन्ही रूपे एकाच झाडाची आहेत. अरबी भाषेत या फळाच्या वयाला चार नावे आहेत. हिरवे आणि कडवट असते तेव्हा ‘किमरी’, रंग चढून कडक व रसाळ होते तेव्हा ‘खलाल’, मऊ पडू लागले की ‘रुतब’ आणि झाडावरच सुकून टिकाऊ झाले की ‘तमर’. अरबस्तानात, इराकात किंवा इराणात फळ चौथ्या पायरीपर्यंत झाडावर राहू शकते, कारण तेथील उन्हाळा कोरडा असतो आणि लांबतो. कच्छचा शेतकरी मात्र दुसऱ्या पायरीवरच थांबतो. फळ मऊ होऊ लागावे आणि नेमका त्याच वेळी आपला नैर्ऋत्य मान्सून यावा, असा इथला क्रम आहे. पावसाचे पाणी लागले की खारेक तडकते, आंबते आणि घोसातच कुजते. म्हणून पूर्ण पिकण्याचा मोह सोडून, पावसाच्या आधी जे हाती येईल ते उतरवून घ्यायचे, या एका गोष्टीभोवती मुंद्रा परिसरातील सारी खारेकशेती उभी आहे.

गेल्या वर्षी जूनच्या अखेरीस आम्ही उभयतां भद्रेश्वर तीर्थाच्या दर्शनाला गेलो होतो. भद्रेश्वरहून मुंद्रा फार दूर नाही. माझ्या नोकरीतील काही वर्षे शेतीकर्ज विभागात गेली असल्यामुळे ‘वाळवंटातील फळबाग’ प्रत्यक्ष पाहण्याची इच्छा होतीच. तीर्थक्षेत्री ओळख झालेल्या एका कच्छी कुटुंबाने आपल्या नातलगांच्या वाडीवर आमची सोय करून दिली. बागेला तिकडेही ‘वाडी’च म्हणतात, हे ऐकून कोकणात माहेर असलेल्या माझ्या पत्नीला फार बरे वाटले.

क्षेत्रफळाच्या दृष्टीने कच्छ हा देशातील सर्वांत मोठा जिल्हा. सुमारे ४५,६७४ चौरस किलोमीटरच्या या प्रदेशाचा मोठा भाग मोठ्या आणि छोट्या रणाने व्यापला आहे. मुंद्रा रणात येत नाही. ते दक्षिणेला, कच्छच्या आखाताच्या काठी आहे. तरीही भुजहून रस्त्याने खाली येताना कोरड्या मुलुखाची सर्व लक्षणे दिसतात : पिवळट माती, पांढुरकी खारी जमीन, आणि जिकडेतिकडे ‘गांडो बावळ’, म्हणजे वेडी बाभूळ. पाऊस थोडा आणि लहरी. एखाद्या वर्षी भरभरून, तर एखाद्या वर्षी जवळजवळ नाहीच. विक्रम संवत १३१३ ते १३१५ या तीन वर्षांच्या दुष्काळात भद्रेश्वरच्या जगडूशाहांनी आपली धान्याची कोठारे लोकांसाठी उघडल्याची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. ती कथा या मातीत का जन्मली, हे मुंद्र्याच्या रस्त्यावर कोणी न सांगताही समजते.

अशा त्या रखरखाटात एका वळणावर एकाएकी हिरव्या झावळ्यांची रांग दिसू लागली. मुंद्र्याजवळच्या ध्रब आणि झरपरा या गावांची नावे खारेकसाठी दूरवर माहीत आहेत. त्याच पट्ट्यात ही वाडी होती. खारेकचे झाड पाय पाण्यात आणि डोके आगीत ठेवून जगते, असे अरब लोक म्हणतात. मुळांना ओल हवी, पण हवा तापलेली आणि कोरडी हवी. इतर फळझाडे ज्या खारवट पाण्याने माना टाकतील, त्या पाण्यावरही हे झाड तग धरते. समुद्र जवळ, विहिरींचे पाणी मचूळ, उन्हाळा कडक आणि पाऊस कमी, या चारही गोष्टी ज्याला मानवतात असे फळझाड दुसरे सापडणे कठीण.

वाडी तीन एकरांची होती आणि तीत लहानमोठी दीडशेच्या आसपास झाडे होती. मालकांचे वय पंच्याहत्तरीच्या पुढचे. घरातले आणि कामावरचे सगळेच त्यांना ‘बापा’ म्हणत, म्हणून आम्हीही तसेच म्हणू लागलो. आपल्याकडच्या शिंदीची आठवण व्हावी, असे ते झाड. शिंदी ही खजुराची देशी बहीणच आहे. परंतु शिंदी अंगाने सडपातळ, तर ही झाडे दणकट, खरबरीत खोडांची. शेंड्याशी राखाडी झावळ्यांचा घेर आणि त्या घेरातून खाली लोंबणारे फळांनी ओथंबलेले घोस. एका झाडाचे घोस पिवळे, शेजारच्याचे नारिंगी, त्यापलीकडचे थेट कुंकवासारखे लाल. एखाद्याचे फळ लांबट, एखाद्याचे गोल. एका ओळीत उभी असूनही कोणतीही दोन झाडे सारखी नव्हती.

त्यामागे इतिहास आहे. मांडवी आणि मुंद्रा ही जुनी बंदरे. येथील तारवे पिढ्यानपिढ्या मस्कत, बसरा आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जात. तिकडून येणाऱ्यांनी खजूर खाऊन टाकलेल्या बियांतून येथील पहिली झाडे उगवली, असे कच्छमध्ये सांगतात आणि ही परंपरा चार-पाचशे वर्षांची मानतात. मुद्दा असा की, कच्छमधील जुनी झाडे बहुतांशी बियांपासून वाढलेली आहेत. खजुराची बी आईचे गुण जसेच्या तसे पुढे नेत नाही. गोड झाडाच्या बीपासून तुरट फळाचे झाड निघू शकते आणि तुरटापासून अमृतासारखे. शिवाय या झाडात नर वेगळा आणि मादी वेगळी. बियांपासून लावलेल्या शंभर रोपांपैकी साधारण निम्मी नर निघतात, आणि नर कोणता व मादी कोणती हे फुलोरा येईपर्यंत, म्हणजे चार-पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ, समजत नाही. इतकी वर्षे पाणी घालून निम्म्या झाडांना फळच लागणार नाही, हे ठाऊक असूनही लागवड करणाऱ्या त्या पूर्वजांच्या धीराचे मला नवल वाटले. माझ्या टेबलावर असा प्रकल्प अहवाल आला असता, तर त्यावर मी काय शेरा मारला असता, हे वाचकांना सांगायला नकोच.

बहुतेक झाडांचे खलाल अवस्थेतील फळ तुरट असते. खाल्ले की जिभेला आणि घशाला तोठरा बसतो. फळ मऊ होऊ लागले की ती तुरटी जाते. पण कच्छमध्ये मऊ होईपर्यंत थांबण्याची सोय नाही. तेव्हा इथे किंमत आली ती कडक असतानाच गोड लागणाऱ्या फळाला. हजारो बियाण्यांच्या झाडांतून अशी निवडक झाडे शोधायची, त्यांच्या बुंध्याशी फुटणारी पिल्ले वेगळी करून लावायची, म्हणजे आईचे गुण जसेच्या तसे मिळतात, हे काम येथील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. बापांनी आम्हांला दहा-बारा झाडांची फळे ओळीने चाखायला दिली. पहिले साखरेसारखे गोड आणि कोवळ्या खोबऱ्यासारखे. दुसरे रसाळ, पण शेवटी किंचित तुरट. तिसऱ्याला उसाची चव. प्रत्येक झाडाला घरातले नाव होते : विहिरीजवळची, मोठी लाल, आजीची. ‘आजीची’ हे झाड त्यांच्या आजीने लावले होते. ते पन्नास फुटांच्या घरात गेले होते आणि त्या दिवशीही त्यावर घोस होते.

या झाडाची सेवा केवळ पाणी-खताने भागत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेंड्यातून लाकडी म्यानासारखी आवरणे बाहेर येतात आणि ती उकलली की आत फुलोरा असतो. वाऱ्यावर भरवसा ठेवला तर फळधारणा अपुरी होते. म्हणून माणूस झाडावर चढतो, नर फुलोऱ्याच्या काही काड्या मादी फुलोऱ्यात उलट्या खोवतो आणि झावळीच्या पातीने सैलसर बांधून ठेवतो. हे आवरण उकलल्यापासून मोजक्या दिवसांत व्हावे लागते. एक चांगला नर चाळीस-पन्नास माद्यांना पुरतो. पुढे घोस विरळ करायचे, जड घोस झावळ्यांना बांधून त्यांना आधार द्यायचा, पक्ष्यांपासून आणि पावसापासून जपण्यासाठी जाळी किंवा पिशवी चढवायची आणि शेवटी उतरवणी. प्रत्येक कामासाठी पुन्हा झाडावर चढायचे. एका हंगामात एका झाडावर पाच-सहा वेळा तरी माणूस जातो. कमरेला आणि खोडाला एकच दोर वेढून, त्या दोरावर पाठ टेकत वर सरकणारा गडी आम्ही पाहिला तेव्हा माझ्या पत्नीने डोळे मिटून घेतले. “बेन, आता चढणारे थोडेच उरलेत,” बापा म्हणाले. “आणि झाड काही आमच्यासाठी बुटके होत नाही.”

खाली सावलीत प्रतवारी चालली होती. बायका घोसांतून डागी आणि तडकलेली फळे वेगळी करत होत्या. चांगला माल खोक्यांत भरला जात होता. हंगाम साधारण १५ जूनच्या सुमारास सुरू होतो आणि जुलै संपता संपता आवरतो. फळ नाशवंत, आणि जवळजवळ साऱ्या कच्छचा माल त्याच सहा-सात आठवड्यांत बाजारात येतो. हंगामाच्या आरंभी जो भाव मिळतो, तो आवक वाढली की निम्म्यावर येतो. त्यात एखादी जोराची सर आली की व्यापारी फोन उचलत नाही. १५ जून २०२३ रोजी बिपरजॉय चक्रीवादळ कच्छच्या जखौ बंदराजवळ किनाऱ्यावर आदळले, तेव्हा फळ झाडावरच होते. बापांच्या वाडीतील सतरा झाडे त्या रात्री आडवी झाली. त्यांच्या जागी राहिलेले खळगे अजून दिसत होते.

दुपारच्या जेवणानंतर बापांचा धाकटा मुलगा कागद घेऊन माझ्याजवळ बसला. तो मुंद्र्यातील एका कंपनीत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी वाडी पाहतो. माझी बँकेतील नोकरी त्याला आधीच कळली होती. “साहेब, हे एकदा पाहून द्या,” एवढेच तो म्हणाला. कागदावर कर्जाचे अंदाजपत्रक होते. वाडीतील सगळी जुनी झाडे काढून तेथे टिश्यू कल्चरची ‘बरही’ लावायची, असा त्याचा विचार होता.

बरही ही मूळची इराकच्या बसरा भागातील जात. कडक आणि पिवळी असतानाच तिला तुरटी नसते, त्यामुळे कच्छला ती अगदी सोयीची. प्रयोगशाळेत एका चांगल्या झाडाच्या पेशींपासून वाढवलेली तिची रोपे सगळी मादी असतात, सगळी सारखी असतात आणि चौथ्या वर्षापासून फळ देऊ लागतात. झाडे बुटकी असेपर्यंत निदान दहा-बारा वर्षे चढणाऱ्या गड्याची गरज पडत नाही. एकसारख्या मालाला व्यापारीही चांगला भाव देतो. मी कागदावर आकडे मांडले. आठ मीटरवर एक झाड, म्हणजे एकरी ६२ झाडे. एका रोपाला साडेतीन हजार रुपये धरले, तर केवळ रोपांचेच एकरी २ लाख १७ हजार. ठिबक, खड्डे, खत आणि कुंपण वेगळे. पहिली तीन वर्षे उत्पन्न जवळजवळ नाही, म्हणून हप्ते तेवढे पुढे ढकलून घ्यावे लागतील आणि त्या काळात ओळींच्या मधल्या जागेत मूग किंवा चारा घेऊन घरखर्च भागवावा लागेल. झाडे पूर्ण वाढल्यावर झाडामागे ८० किलो धरले, तर एकरी जवळपास ५ टन माल. किलोला ४० रुपये मिळाले तर दोन लाख, २० मिळाले तर एक लाख. हिशेब बसत होता. पण तो कोणत्या आठवड्यात माल उतरतो आणि पाऊस कोणत्या तारखेला येतो, यावर बसत होता.

मुलगा चुकीचे काही बोलत नव्हता. त्याला दोन मुली आहेत, मोठी यंदा बारावीला आहे. वर्षातून एकदा, तेही सहा आठवड्यांच्या जुगारावर, घर चालत नाही, हे त्याचे म्हणणे. “बापांना झाडांची नावे पाठ आहेत. पण बाजारात नावाला भाव नाही,” तो म्हणाला. बापा खाटेवर बसून सगळे ऐकत होते. त्यांनी प्रश्न केला, “साहेब, तुमच्या कागदात ‘आजीची’ किती रुपयांना धरली आहे?”

त्या प्रश्नात भावनेइतकाच व्यवहारही होता. खजुराचे झाड बुंध्याशी पिल्ले देते ते केवळ उमेदीच्या काळात, पहिल्या दहा-पंधरा वर्षांत. नंतर ते वाढते आणि फळते, पण सहसा पिल्ले देत नाही. खोडाला वाढीचा एकच कोंब असतो, शेंड्यावरचा. तो तोडला की झाड संपले. बाभळीसारखे ते पुन्हा फुटत नाही. बी लावली तर ती आईसारखी निघेलच असे नाही. म्हणजे ‘आजीची’ तोडली, तर तिच्या चवीची, तिच्या वेळेवर पिकणारी दुसरी खारेक जगात कोठेही नसेल. बँकेच्या ताळेबंदात जमीन धरली जाते, विहीर धरली जाते, उभे पीकही धरले जाते. असे एकमेव झाड कोणत्या रकान्यात धरावे, हे मला कोणत्याही परिपत्रकाने शिकवलेले नाही.

एकाच जातीवर सारे विसंबण्याचा धोकाही काल्पनिक नाही. मोरोक्कोत बायूद नावाच्या बुरशीजन्य रोगाने विसाव्या शतकात खजुराची लक्षावधी झाडे मारली आणि तेथील प्रसिद्ध ‘मेजूल’ जात संकटात आली. १९२७ साली मेजूलची अकरा पिल्ले अमेरिकेत नेण्यात आली. त्यांतील नऊ जगली आणि तेथील मेजूलच्या बागा त्या नवांपासून वाढल्या. एका उत्तम जातीचे दैव नऊ रोपांवर येऊन ठेपावे, हे ऐकून मुलगाही गंभीर झाला. रोग येतो तेव्हा एकसारख्या बागेतील प्रत्येक झाड त्याला सारखेच बळी पडते. सरमिसळ असली, तर काही तरी तगण्याची आशा असते. वादळाच्या वर्षीही असेच झाले होते. बापांची लवकर पिकणारी काही झाडे दोन दिवस आधीच उतरवली गेली होती आणि उशिरा पिकणाऱ्यांची कच्ची फळे देठाला घट्ट होती. नुकसान झाले, पण सगळे गेले नाही.

मग आम्ही तिघांनी वेगळ्या रीतीने हिशेब मांडला. दीडशे झाडांपैकी खरोखर चांगली किती? बापांनी बोटांवर मोजून अठ्ठावीस सांगितली. त्यांतील अकरा लवकर पिकणारी, म्हणजे पावसाच्या पुढे धावणारी. उरलेल्यांत पुष्कळ तुरट होती, काही फार उंच होऊन कमी फळत होती आणि गरजेपेक्षा अधिक नर होते. ही झाडे काढायला बापांचीही हरकत नव्हती. त्या जागी आणि वादळाने मोकळ्या केलेल्या जागी मिळून एक एकरभर बरही लावता येत होती. कर्ज एका एकराचे घ्यायचे, तीन एकरांचे नाही. अठ्ठावीस झाडांच्या खोडांवर चुन्याचा पट्टा ओढायचा. त्यांतील ज्या तरुण झाडांना पिल्ले आहेत, ती पिल्ले वेळेवर वेगळी करायची. मुंद्र्यातच दांतीवाडा कृषी विद्यापीठाचे खजूर संशोधन केंद्र आहे. निवडक झाडे तेथील शास्त्रज्ञांना दाखवायची. ज्या टिश्यू कल्चरमुळे बरही घरोघर आली, त्याच तंत्राने देशी झाडेही वाढवता येतात. कोवळ्या फुलोऱ्याच्या पेशींपासूनही रोपे करता येत असल्याने पिल्लांचे वय उलटलेल्या ‘आजीची’लाही वाट आहे. कच्छच्या झाडांतून निवडलेली आणि याच पद्धतीने वाढवलेली ‘एडीपी-१’ ही जात त्याचे उदाहरण आहे.

जानेवारी २०२४ मध्ये कच्छी खारेकला भौगोलिक मानांकन मिळाले. गुजरातेत गीरच्या केसर आंब्यानंतर हा मान मिळवणारे हे दुसरे फळ. मानांकन म्हणजे या नावाचा माल याच मातीतला, अशी कायद्याने दिलेली ओळख. ती ओळख ज्या चवींमुळे मिळाली, त्या चवी या सरमिसळ वाड्यांत आहेत. मुलाला हे पटले ते बहुधा दुसऱ्या कारणाने. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात जो चढा भाव मिळतो, तो त्याच्या घरी त्या अकरा झाडांमुळेच मिळत होता. पाच वर्षांच्या पट्ट्या त्याने स्वतःच काढून पाहिल्या तेव्हा ते त्याच्या ध्यानात आले.

दोन प्रश्न मात्र कागदावर सुटत नाहीत. पहिला पाण्याचा. किनाऱ्यालगत जमिनीखालचे गोडे पाणी अधिक उपसले की समुद्राचे खारे पाणी आत सरकते. खजूर खारेपणा सोसतो, पण त्यालाही सीमा आहे, आणि फळाचा आकार त्याआधीच घटू लागतो. २८ ऑगस्ट २०२२ रोजी नर्मदेच्या कच्छ शाखा कालव्याचे लोकार्पण झाले आणि मांडवी तालुक्यातील मोडकुब्यापर्यंत तो पोहोचला. या भागाला त्याची मोठी आशा आहे. बापा मात्र ठिबकच्या नळ्या रोज स्वतः तपासतात. शेजारी मोकाट पाणी सोडतो तेव्हा ते त्याच्याशी भांडतातही.

दुसरा प्रश्न वाळवणाचा. आपल्या बाजारातील खारीक वर्षानुवर्षे मुख्यतः पाकिस्तानातून, सिंध प्रांतातून येत असे. फेब्रुवारी २०१९ मध्ये तेथून येणाऱ्या मालावर भारताने २०० टक्के आयात शुल्क लावले. मग आपणच खारीक का करू नये? करता येते. खलाल फळ थोडा वेळ उकळून उन्हात वाळवले की खारीक तयार होते. अडचण पुन्हा तीच. फळ उतरते तेव्हा आभाळ भरून आलेले असते आणि हवेत दमटपणा असतो. सौर वाळवणयंत्रे आणि शीतगृहे गावात आली, तर डागी म्हणून टाकला जाणारा माल कामी येईल आणि सहा आठवड्यांची घाईही थोडी सैल होईल. एकट्या शेतकऱ्याला हा खर्च पेलणारा नाही. तो उत्पादक कंपनीने किंवा सहकारी संस्थेने उचलण्याचा विषय आहे. आपल्या समाजात प्रक्रिया उद्योगाचा अनुभव असलेले अनेक जण आहेत. त्यांनी एकदा जूनमध्ये मुंद्र्याची फेरी करावी, असे मला मनापासून वाटते.

भद्रेश्वरच्या यात्रेला जाणारे बहुतेक जण हिवाळा निवडतात आणि ते योग्यच आहे. तेव्हा वाड्यांत फळ नसते, पण फेब्रुवारीच्या अखेरीस गेलात तर परागीकरणाचे काम पाहायला मिळते. फळ खायचे असेल तर ऊन सोसण्याची तयारी ठेवून जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात जावे. मुंबईहून भुजला थेट रेल्वे आहे आणि भुजहून मुंद्रा रस्त्याने तासाभराच्या अंतरावर. वाडीत आधी विचारून जावे, झाडाखालचे फळ न विचारता उचलू नये आणि घेताना एकाच रंगाचे खोके न मागता दोन-तीन झाडांची फळे मिसळून मागावीत. घरी आणल्यावर खारेक फ्रिजमध्ये ठेवावी. बाहेर ठेवली तर दोन-तीन दिवसांत ती मऊ पडू लागते आणि तीही चव वेगळी, पण चांगलीच लागते.

दिवाळीच्या सुमारास मुलाचा फोन आला. एका एकराचे कर्ज मंजूर झाले होते आणि खड्डे खणून तयार होते. चुन्याचे पट्टे पावसात धुऊन गेले म्हणून बापांनी अठ्ठावीस झाडांवर पत्र्याच्या चकत्या टांगल्या आहेत. प्रत्येक चकतीवर झाडाचे नाव आहे, आणि ती नावे मोठ्या नातीने रंगवून दिली आहेत.